एक ‘मोर’, अनेक कुळे

प्रश्न : माझ्या भाच्याला नकाशात फ्रान्समधील ‘मोर्बियाँ’ आणि स्कॉटलंडमधील ‘बेन मोर’ ही नावे दिसली. पहिल्यातील ‘मोर’ म्हणजे समुद्र आणि दुसऱ्यातील ‘मोर’ म्हणजे मोठा, असे त्याने शोधून काढले. समुद्र मोठाच असतो, तेव्हा हा एकच शब्द असेल का? फ्रेंच-पोर्तुगीजसारख्या भाषांतही तो आहे का? आणि आमच्या चादरीवर विणलेल्या मोराशी त्याचे काही नाते लागते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या शहरात या प्रश्नाचे अर्धे उत्तर रोज कानांवर पडते. मराठी माणसाचा ‘ऊर’ भरून येतो, तर अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘ऊरु’ म्हणजे गाव. पहिला शब्द संस्कृत ‘उरस्’पासून आला आहे, दुसरा द्राविड आहे, आणि ध्वनी जुळला म्हणून आपण त्यांना भाऊ मानत नाही. आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श आणि फ्रान्समधील ब्रेटन या केल्टिक भाषांतील ‘मोर’चेही तसेच आहे.

‘मोठा’ या अर्थाचा आयरिश ‘मोर’, आणि ‘बेन मोर’मधला स्कॉटिश गेलिक ‘मोर’ही, हा प्राचीन केल्टिक ‘मारोस’पासून आला. सीझरशी लढलेल्या ट्रेवेरी टोळीच्या इंदुतिओमारुस या प्रमुखाच्या नावात हाच ‘मारोस’ आहे. त्यातील दीर्घ ‘आ’ आयरिशमध्ये ‘ओ’ झाला आणि वेल्शमध्ये ‘औ’, म्हणून वेल्श माणूस मोठ्याला ‘मौर’ म्हणतो. समुद्रवाचक शब्द मात्र ‘मोरि’ असा होता. त्याचा ऱ्हस्व ‘ओ’ वेल्श आणि ब्रेटनमध्ये टिकून ‘मोर’ झाला, तर आयरिशमध्ये शेवटच्या ‘इ’च्या प्रभावाने ‘मुइर’ असे रूप घडले. म्हणजे आयरिशमध्ये ‘मोर’ मोठा आणि ‘मुइर’ समुद्र, तर वेल्शमध्ये ‘मौर’ मोठा आणि ‘मोर’ समुद्र. प्रत्येक भाषेने दोन्ही शब्द वेगळे राखले आहेत. एका भाषेतला एक आणि दुसरीतला दुसरा शेजारी ठेवले, तरच ते एक वाटतात. ब्रेटन ‘मोर बिहान’ म्हणजे छोटा समुद्र, आणि त्यावरूनच मोर्बियाँ हे नाव पडले.

लॅटिनपासून निघालेल्या, म्हणजे रोमान्स, भाषांत समुद्राला फ्रेंचमध्ये ‘मेर’, स्पॅनिशमध्ये ‘मार’ आणि इटालियनमध्ये ‘मारे’ म्हणतात. हे लॅटिन ‘मारे’चे वंशज असून केल्टिक ‘मोरि’शी त्यांचे नाते उसनवारीचे नाही, दोन्ही एकाच इंडो-युरोपीय (संस्कृत, लॅटिन, केल्टिक यांच्या समान कुळातील) मुळातून आलेले आहेत. रुमेनियनमधील गंमत आपल्या भाच्याला आवडेल. तेथे ‘मारे’ म्हणजे समुद्र आणि ‘मारे’ म्हणजे मोठाही. पण या दुसऱ्या शब्दाचे मूळ बहुतेक अभ्यासक लॅटिनमधील ‘नर’ या अर्थाच्या ‘मास’ (षष्ठीत ‘मारिस’) या शब्दात मानतात.

सर्वांत फसवा आहे तो पोर्तुगीज ‘मोर’. चर्चमधील मुख्य वेदीला ‘अल्तार-मोर’ म्हणतात. ध्वनी आयरिशचा आणि अर्थही जवळजवळ तोच. तरीही हा शब्द लॅटिन ‘मायोर’, म्हणजे अधिक मोठा, याचा संक्षेप आहे, आणि त्याचे मूळ आपल्या ‘महत्’, ‘महा’ यांच्या कुळातले आहे. रूप आणि अर्थ दोन्ही जुळले तरी नाते सिद्ध होत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

आपला मोर या सर्वांपासून दूर आहे. संस्कृत ‘मयूर’चे प्राकृतात ‘मोर’ झाले, आणि अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, राजाच्या स्वयंपाकघरासाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्यांत दोन ‘मोरा’ नोंदलेले आहेत. ‘मयूर’ हाच मुळात द्राविड असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ तमिळ ‘मयिल’ दाखवून म्हणतात. आपल्या शेजारच्या कन्नड आणि तेलुगू घरांत मात्र या पक्ष्याला ‘नविलु’ आणि ‘नेमलि’ अशी निराळीच नावे आहेत.

मराठीचे खरे नाते जुळते ते बार्सिलोनाकडच्या कॅटलान भाषेतील ‘मोर’शी. तेथे हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘मरतो’. लॅटिन ‘मोरि’ (इथे अर्थ मरणे, समुद्र नव्हे), संस्कृत ‘मृ’, मराठी ‘मरणे’, आयरिश ‘मारव’ आणि वेल्श ‘मारू’, म्हणजे मेलेला, ही सारी एकाच घरची आहेत.