रिसीव्हरने सील केलेली मशिनं विकू नयेत म्हणून स्टे मिळेल का?

प्रश्न : वकीलताई, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. फायनान्स कंपनीच्या कर्जावर दोन व्हीएमसी (धातू कापणारी संगणकीय) मशिनं घेतली. मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं आणि सात हप्ते थकले. कंपनीने परस्पर लवाद नेमला, त्याने मशिनं ताब्यात घ्यायला रिसीव्हर नेमला. रिसीव्हर पंचनामा करून मशिनं सील करून गेला, आता विकायला काढतो म्हणतोय. एका मशीनवर गिऱ्हाइकाचं फिक्श्चर (सुटा भाग पकडून ठेवणारी चौकट) तसंच लावलेलं आहे. मित्र म्हणतो, शिवाजीनगर कोर्टात दावा टाक, लगेच स्टे मिळतो. मिळेल का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : दावा टाकू नका. लवादाच्या अंतरिम आदेशाविरुद्ध वेगळा दिवाणी दावा चालत नाही. १९९६ च्या लवाद कायद्यातल्या कलम ३७ खाली अपील करायचं आणि त्यातच विक्रीला तात्पुरती स्थगिती मागायची. करारात लवादाचं स्थान मुंबई किंवा चेन्नई लिहिलं असेल, तर अपीलही तिकडेच. कराराचं ते पान आधी काढा.

त्याआधी लवादाचा आदेश शब्दन् शब्द वाचा. रिसीव्हरला नुसता ताबा घ्यायला सांगितलंय की विकायलाही? माझ्याकडे येणाऱ्या आदेशांत पुष्कळदा ‘ताबा घेऊन सुरक्षित ठेवावे’ एवढंच असतं आणि रिसीव्हर मात्र लिलावाची भाषा करत असतो. विक्रीची मुभा नसेल तर ती मागायला त्याला पुन्हा लवादाकडे जावं लागेल, तिथे हरकत घ्या. आदेश, पंचनामा, मूल्यांकन अहवाल यांच्या प्रती आजच लेखी मागा. रिसीव्हर अनेकदा कंपनीच्याच वसुली खात्यातला असतो, तेव्हा ‘थांबतो म्हणाले’ असल्या फोनवरच्या शब्दावर राहू नका.

स्थगिती देताना न्यायालय तीन गोष्टी बघतं : प्रथमदर्शनी बाजू, कोणाची गैरसोय जास्त आणि भरून न येणारं नुकसान. पहिल्या मुद्द्यावर तुमचं पारडं जड आहे. निकालात ज्याचं हित आहे त्याने एकतर्फी एकमेव लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं. ही हरकत सोडायची तर वाद उभा राहिल्यानंतरचा स्पष्ट लेखी करार लागतो. म्हणून ‘लवादाला आमची हरकत नाही’ अशा कागदावर सही करू नका. तडजोडीच्या मसुद्यातही ती ओळ हळूच घातलेली असते.

घोडं अडतं तिसऱ्या मुद्द्यावर. मशीनची किंमत पैशांत मोजता येते, मग नुकसान न भरून येणारं कसं, असं समोरचा वकील विचारणारच. ‘मी रस्त्यावर येईन’ हे अर्जात दहा वेळा लिहून भागत नाही. हातातल्या पर्चेस ऑर्डरी, पगारपत्रक, काम थांबलं तर ऑर्डर दुसरीकडे देऊ असं गिऱ्हाइकाचं पत्र, हे जोडा.

आणि न्यायाधीश विचारतील, ‘किती भरता?’ हप्ते थकलेत हे तुम्हालाही मान्य आहे, तेव्हा रिकाम्या हाताने स्टे मागणं मला स्वतःला पटत नाही. थकबाकीपैकी अमुक रक्कम आठवड्यात भरतो, उरलेली अमुक तारखांना, असं प्रतिज्ञापत्रावर द्या. पण झेपेल तेवढंच लिहा. तारीख चुकली की स्थगिती उठू शकते आणि पुन्हा मागायला तोंड राहत नाही. सोबत आणखी एक विनंती करा : विक्रीऐवजी तुम्हालाच रिसीव्हरचा एजंट नेमून, ठरावीक रक्कम दरमहा जमा करण्याच्या अटीवर मशिनं चालवू द्यावीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोर्ट रिसीव्हरकडे ही पद्धत जुनी आहे, मागायला संकोच नको. बंद पडलेल्या मशीनची किंमत रोज उतरते, हे कंपनीलाही कळतं.

शेड बँकेकडे गहाण असेल आणि बँकेने सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा कायदा) ताबा घेतला, तर मार्ग वेगळा. तिथे ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो.

फिक्श्चरचं म्हणाल तर ते गिऱ्हाइकाचं आहे, तुमच्या कर्जाला तारण नाही. डिलिव्हरी चलनाची प्रत जोडून रिसीव्हरला पत्र द्या, गिऱ्हाइकालाही वेगळं पत्र द्यायला सांगा आणि फिक्श्चर रिसीव्हरच्या समोर, पंचनाम्यावर नोंदवूनच सोडवून घ्या. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी सीलला हात लावू नका.