गावात राज्य स्पर्धा आणि नजर मोठ्या स्पर्धेवर: पळायचं की नाही?

हिवाळा लागला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांत पळणाऱ्या मुलामुलींची भर पडते. धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात पहाटे कुठल्याही रस्त्याला जा, पोलीस भरतीची तयारी करणारे घोळके दिसतातच. त्यातली मोजकीच पुढे धावपटू म्हणून टिकतात, सरावाच्या कॅम्पला निवडली जातात, राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. मग एखाद्या वर्षी राज्याची स्पर्धा नेमकी आपल्या जिल्ह्यात येते आणि प्रश्न उभा राहतो: पळाले तर पुढच्या मोठ्या स्पर्धेची तयारी बिघडेल, नाही पळाले तर गावाला तोंड कसं दाखवू?

यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी तेवीस वर्षांची. पाच हजार आणि दहा हजार मीटर पळणारी. वडील कोरडवाहू शेतकरी, कापूस आणि ज्वारी. ती उटीच्या कॅम्पमधून दिवाळीला घरी आली होती आणि भाऊबीज झाल्यावर परत जाणार होती. डिसेंबरच्या सुरुवातीला राज्य क्रॉस कंट्री, म्हणजे रानावनातून पळायची, स्पर्धा होती, तीही तिच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, तालुक्याच्या ठिकाणी. तिचं खरं लक्ष होतं उन्हाळ्यातल्या, देशाच्या अ‍ॅथलेटिक्स फेडरेशनच्या ट्रॅक स्पर्धेवर, कारण आशियाई पातळीवरच्या संघाची दारं तिथून उघडणार होती. राज्य स्पर्धेची तारीख उटीच्या मुक्कामाच्या तिसऱ्या आठवड्यात येत होती. कॅम्पचे प्रशिक्षक म्हणाले, मध्येच जायचं असेल तर येऊच नकोस.

पहिल्या भेटीत तिने मला भरपूर माहिती दिली. आठवड्याला किती किलोमीटर, हिमोग्लोबिन किती, पहाटेची नाडी किती. उटी सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेत प्राणवायूचा दाब कमी, म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, पण त्याला सलग तीन-चार आठवडे लागतात, हे तिने मला शाळेतल्या बाईंसारखं समजावून दिलं. शेजारी बसलेल्या वडिलांनी मध्येच विचारलं, मग तोरणमाळला का नाही करत हे सगळं, जवळ तरी पडेल. ती हसली. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, या कामाला कमी पडतं.

खेळाडूंचं एक बघितलंय. आकडे बोलत असतात तोवर त्यांना काही दुखत नसतं. म्हणून मी आकड्यांत शिरले नाही, एवढंच विचारलं, "गावात काय चाललंय?"

तिचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. पट्टा सैल केला, परत आवळला. पट्ट्याखालची कातडी बाकीच्या हातापेक्षा कितीतरी गोरी होती. म्हणाली, "फ्लेक्स लागलाय, मॅडम."

चौफुलीवर दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छांचा फ्लेक्स. वर नेत्यांचे गोल फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मधोमध ही, मागच्या वर्षीच्या फोटोत, गळ्यात पदक. शेजारी राज्य स्पर्धेची तारीख आणि 'आपल्या लेकीला बघायला या'. तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे फ्लेक्सवर येणाऱ्याला विचारायची पद्धत नाही, हे आपण सगळे जाणतोच.

तिने स्वतःपुरता एक तोडगा काढला होता. कॅम्पच्या प्रशिक्षकांना कसंतरी पटवायचं, इथे यायचं, हळू पळायचं, पहिल्या पाचात राहायचं, परत जायचं. गावही खूश, तयारीही शाबूत. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या मनात हाच मधला मार्ग असतो. माझ्या मते तीन पर्यायांत हाच सगळ्यात वाईट.

कारण सांगते. नीरज चोप्रा मे २०२४ मध्ये भुवनेश्वरच्या फेडरेशन कप स्पर्धेत उतरला. तीन वर्षांनी तो देशात खेळत होता आणि पॅरिस ऑलिम्पिक तोंडावर होतं. त्याने ८२.२७ मीटरची फेक केली, आघाडी मिळाली आणि शेवटच्या दोन फेकी त्याने टाकल्याच नाहीत. लोकांनी त्याला पाहिलं, सुवर्णही मिळालं, शरीरही राखलं गेलं. भालाफेकीत हे जमतं, कारण तिथे सहा वेगळ्या फेकी असतात आणि प्रत्येक फेकीआधी थांबायची मुभा असते. शर्यतीत तशी मुभा कुठे?

मी तिला विचारलं, "मार्ग कसा आखलाय?" दोन किलोमीटरचा फेरा, पाच वेळा. दर फेऱ्याला शाळेच्या कुंपणाजवळून. म्हणजे गर्दीसमोरून पाच वेळा. "चौथ्या फेऱ्यात नाशिकची मुलगी तुला शाळेसमोर मागे टाकते. मग?"

ती बराच वेळ काही बोलली नाही, मग ओशाळून म्हणाली, "नाही जाऊ देणार."

वडिलांना मोठं हसू आलं. पण मुद्दा दोघांनाही पोचला. नांगरलेल्या रानातून, ओबडधोबड उतारावरून दहा किलोमीटर जीव तोडून पळालं की पोटऱ्या आणि नडग्या आठवडाभर तरी धड नसतात. त्यात रेल्वे बदलत येण्याजाण्याचा प्रवास, आणि डोंगरावरचा तुटलेला मुक्काम. 'हळू पळून येईन' हा करार तिने स्वतःशी केला होता खरा, पण पाळायचा होता तो गर्दीपुढे.

दुसऱ्या भेटीला मी थोडा वेळ एकट्या वडिलांशी बोलले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "माले काय समजत नही, मॅडम. पन पारवर बसनं का सगळा इचारतस, तुनी आंडेर पळनार ना? मी काय सांगू?" आंडेर म्हणजे लेक.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला काय वाटतं?"

यावर ते कविता राऊतवर गेले. सावरपाड्याची मुलगी, आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली, तिने तर दोन्ही केलं. आणि खरंच केलं. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, घरच्या मैदानावर, दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्य घेतलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य आणि पाच हजारमध्ये कांस्य. उदाहरण चोख होतं. फक्त त्यातली तारीख बघायची. दिल्ली आणि ग्वांगझू यांच्यात दीड महिन्याचं अंतर होतं. दोन्ही एकाच तयारीच्या टोकाला आल्या होत्या, अंतर तेच, ट्रॅक तसाच. दिल्लीसाठी तिला वाट सोडून जावं लागलं नाही, दिल्ली वाटेवरच होती. यांच्या मुलीची स्पर्धा पायाभरणीच्या मधोमध, रानात, चार महिने आधी. ओल्या स्लॅबवर पाहुण्यांची पंगत बसवायची नसते, हे शेतकऱ्याला आणि घर बांधलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी मान हलवली.

उलट बाजूही मी लपवली नाही. मोठ्यासाठी धाकटी सोडली की मोठी पदरात पडतेच, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नये. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेला गेला नाही, जागतिक स्पर्धेवर लक्ष ठेवून त्याने परदेशात तयारी केली. बुडापेस्टच्या त्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीतही पोचला नाही. ऑक्टोबरमध्ये हांगझूच्या आशियाई खेळांत मात्र ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण, ८ मिनिटं १९.५० सेकंद, स्पर्धाविक्रमासह. ऑगस्टमध्ये कुणी विचारलं असतं तर त्याचा निर्णय चुकला, असंच उत्तर आलं असतं. आणि घरच्या मैदानावर जिंकल्याने पुढचं दार उघडतंच, असंही नाही. २०१७ मध्ये भुवनेश्वरला पी. यू. चित्रा १५०० मीटरमध्ये आशियाई विजेती झाली, तरी महिन्याभराने लंडनच्या जागतिक स्पर्धेच्या संघात तिचं नाव नव्हतं. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, निकाल तिच्या बाजूने लागला, पण मुदत उलटून गेली होती.

मुलीला मी घरी करायला एक काम दिलं होतं. 'मी नाही पळाले तर ज्यांना उत्तर द्यावं लागेल' अशा माणसांची यादी. तिला वाटत होतं अख्खा गाव आहे. कागदावर उतरली सात नावं. त्यातली तीन फ्लेक्सवरची, ती तिने स्वतःच खोडली. दोन मैत्रिणी, त्या समजून घेतील. एक आप्पा, म्हणजे वडील, ते बाहेर बाकावर बसलेच होते. उरले एक, शाळेतले क्रीडाशिक्षक. आठवीत तिला पहिले स्पाईक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, त्यांनी स्वतःच्या पगारातून घेऊन दिले होते. यंदाची स्पर्धा तालुक्याला यावी म्हणून तेच दोन वर्षं खेटे घालत होते, रानाचा मार्ग त्यांनीच चुना टाकून आखला होता. आणि दिवाळीच्या आठ दिवसांत ही त्यांना भेटायलाच गेली नव्हती. त्यांच्या घरावरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने जात होती.

'गाव काय म्हणेल' हा प्रश्न घेऊन आलेल्या बहुतेकांच्या बाबतीत शेवटी एकच दार उरतं, असा माझा अनुभव आहे. गावाची भीती वाटणं सोपं असतं, गावाला चेहरा नसतो. त्या एका माणसासमोर उभं राहणं अवघड.

ती गेली. सरांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि त्यांना वाईट वाटलं. ते त्यांनी लपवलंही नाही. "तुझ्या नावावर मी शब्द टाकला होता," एवढं म्हणाले. ती रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, बघा, मी सांगितलं होतं ना. मी तिला सांगितलं की सरांना वाईट वाटायचा हक्क आहे. तुझा निर्णय योग्य असेल म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही, आणि त्यांना दुखलं म्हणून तुझा निर्णय खोटा ठरत नाही. दोन दिवसांनी सरांचा फोन आला. संघटनेला लेखी कळव, कॅम्पचं पत्र जोड, नाहीतर पुढे निवडीच्या वेळी कुणीतरी गैरहजेरी काढेल. हा सल्ला माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा मोलाचा होता.

ती उटीला गेली. स्पर्धा झाली, नाशिकची मुलगी जिंकली. पारावर महिनाभर टोमणे चालले, आप्पांनी चहाची टपरी बदलली. उन्हाळ्यात फेडरेशनच्या स्पर्धेत तिने स्वतःची सर्वोत्तम वेळ नोंदवली, पण पात्रतेची वेळ थोडक्यात हुकली. मग गावाने म्हटलंच, ना घर का ना घाट का. मी तिला विचारलं, पुन्हा डिसेंबर आला तर? तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "नाहीच पळणार. फक्त सरांकडे पहिल्या दिवशी जाईन."

हे वाचून कुणी सरसकट घरची स्पर्धा सोडणार असेल, तर दुसऱ्या एकाबद्दलही सांगायला हवं. त्याच हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता, आठशे-पंधराशे मीटरवाला. त्यालाही गावाजवळची ही स्पर्धा सोडायची होती, कारण 'मला ऑलिम्पिकची तयारी करायचीय'. कॅम्प नाही, प्रशिक्षक मोबाईलवरचे, राज्यात अजून पदक नाही. मोठं ध्येय त्याने घरी हरण्याच्या भीतीपुढे पडद्यासारखं धरलं होतं. राज्य स्पर्धेतल्या पदकाचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणात काही पदांसाठी कामी येतं, ही गोष्टही त्याच्या घरासाठी लहान नव्हती. त्याच्यासाठी ती स्पर्धाच सगळ्यात मोठी होती. मी त्याला चार प्रश्न विचारले: या तारखेला तू एरवी नक्की काय करत असशील? सोडल्याने ते काम खरंच वाचतं का? निवडीच्या नियमात ही स्पर्धा लागते का? आणि हरलास तर कोण बघेल? पहिल्या तिन्हींना त्याच्याकडे उत्तर नव्हतं. चौथ्याला लगेच होतं, "मामा."

तो पळाला, अकरावा आला. मामा आले होते, आणि त्यांनी परतीच्या वाटेवर त्याला भरपूर सुनावलं म्हणे. आता तो खऱ्याखुऱ्या प्रशिक्षकाकडे जातो.

तुमच्या घरात असा पेच असेल तर हेच चार प्रश्न तारखा समोर ठेवून विचारा. कॅम्पच्या प्रशिक्षकांशी खेळाडूने स्वतः बोलावं, आईवडिलांमार्फत नाही. संघटनेला कळवायचं ते लेखी, प्रवेशिकेची मुदत संपायच्या आत. आणि ज्यांनी पहिले बूट घेऊन दिले त्यांच्याकडे त्याच्याही आधी जावं, समक्ष. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.