गवे कमी केले तर रान दाट होईल?

प्रश्न : आमचं शेत दाजीपूरच्या जंगलाला लागून आहे. गव्यांचा कळप एका रात्रीत भात, ऊस तुडवून खाऊन जातो. एवढं खाणारं जनावर रोज चरतं, तरी जंगल शिल्लक कसं राहतं? गवे कमी केले तर रान आणखी दाट होईल ना?
– एक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : काही ठिकाणी झाडोरा वाढेलही. पण रान जितकं दाट तितकं चांगलं, हे मला मान्य नाही. पाऊस सरला की सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरचं, गवत वाळतं. ते कुणी खाल्लं नाही, तर उन्हाळ्यात एका काडीने पेटतं आणि वणव्यात पहिली जातात ती झाडांची कोवळी रोपं.

याचा मोठा दाखला आफ्रिकेतल्या सेरेनगेटीचा आहे. तिथे नू नावाची, गाईच्याच कुळातली जनावरं बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाने, मरत. (आपल्याकडच्या जुन्या जाणत्यांना बुळकांडी सांगायला नको. गव्यांनाही ती सोडत नसे.) आजूबाजूच्या गुरांना लसी टोचल्या, तेव्हा १९६०च्या सुमारास नूंमधलाही रोग हटला. १९६१ला अडीच लाखांच्या आसपास असलेले नू १९७७पर्यंत तेरा लाखांच्या वर गेले. एवढी तोंडं वाढल्यावर माळ उजाड व्हायला हवा होता. झालं उलटंच. गवत चरलं गेलं, वणवे कमी झाले आणि झाडं वाढली.

दुसरं काम बियांचं. तुमच्याकडचं भेकर, म्हणजे ते लहानसं हरीण, आवळा खातं आणि पुढे कुठेतरी रवंथ करताना बी तोंडातून टाकून देतं. म्हणजे आवळा आईच्या सावलीबाहेर पडला. गव्याच्या शेणाचंही तसंच. शेणकिडे त्याचे गोळे करून जमिनीत पुरतात. त्यात बी असेल तर तेही पुरलं जातं, खतासकट.

मात्र खाणारे वाढतच गेले, तर तुमची शंका खरी ठरते. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर पाहा. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं, कुंपणातलं रान. तिथली हरणं वाढली आणि शेजारच्या पिकांत उतरू लागली. दाजीपूरला कुंपण नाही, आणि वासरांवर टपलेली रानकुत्री, बिबटे आहेत. टनभर वजनाच्या नराला हात घालायला मात्र वाघच लागतो.

राहता राहिला तुमचा ऊस. तो गव्याला सड्यावरच्या वाळक्या गवतापेक्षा गोड लागणारच. उसाचा फड जंगलाच्या हद्दीपर्यंत नेऊन भिडवला, की कळपाला आपण ताट वाढून ठेवतो, हे मी तुमचा राग पत्करून सांगतो. तरी नुकसान तुमच्या एकट्याच्या पदरी पडू नये. पंचनाम्यासाठी वनरक्षकाला ताबडतोब कळवा, आणि तो येईपर्यंत पायांचे ठसे नांगरून टाकू नका.