वाचकांचे प्रश्न: पासपोर्ट हरवला, व्हिसाही संपला

प्रश्न : पुण्यातल्या विमाननगरमधला आमचा फ्लॅट एका परदेशी विद्यार्थ्याला भाड्याने दिला आहे. त्याचा पासपोर्ट हरवला आणि व्हिसाची मुदतही तीन आठवड्यांपूर्वी संपली. त्याला देशाबाहेर काढतील का? आम्ही अडचणीत येऊ का?

उत्तर : मुदत उलटणं आणि खोटी कागदपत्रं वापरणं यांत कायदा मोठा फरक करतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चार जुने कायदे रद्द होऊन एकच आप्रवास व परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. त्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसासाठी मात्र किमान २ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय १ ते १० लाख दंड. म्हणून कुणी ‘व्हिसाची तारीख सरकवून देतो’ म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आधी पासपोर्ट हरवल्याची पोलिसांत नोंद करायची. ती प्रत घेऊन त्याने आपल्या दूतावासातून नवा पासपोर्ट किंवा तातडीचं प्रवासपत्र मिळवायचं. मग ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं संकेतस्थळ) अर्ज : शिकायचं असेल तर व्हिसाचा, परतायचं असेल तर एक्झिट परमिटचा, म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीचा. परमिटशिवाय विमानतळावर गेला, तर इमिग्रेशनच्या काउंटरवरच अडेल. अर्ज बहुधा क्षुल्लक कारणांनी अडकतो. पोलिस नोंदीत नावाचं स्पेलिंग वेगळं असतं, भाडेकरारात पासपोर्ट क्रमांकाचा एखादा आकडा चुकलेला असतो. जुन्या व्हिसाची आणि आगमनाच्या शिक्क्याची झेरॉक्स असेल तर ती आत्ताच शोधा.

तुमच्याबाबत : परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन माहिती देणं घरमालकावर बंधनकारक आहे. पूर्वी याला ‘सी फॉर्म’ म्हणत. पुणे पोलिसांकडची भाडेकरू नोंद म्हणजे ही माहिती नव्हे. अनेक घरमालक इथेच चुकतात. राहिली असेल तर आजच भरा, कुणी विचारायची वाट पाहू नका.

हकालपट्टीबाबत सरकारचा अधिकार फार व्यापक आहे. हान्स म्युलर खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने तो अमर्याद मानला. लुई द रेड्ट खटल्यात (१९९१) परकीयालाही जीविताचं व स्वातंत्र्याचं संरक्षण आहे, पण इथे स्थायिक होण्याचा हक्क नाही, असं सांगितलं. चार कायद्यांचा एक झाला हे चांगलंच; पण देश सोडण्याच्या आदेशावर स्वतंत्र अपील ठेवायला हवं होतं, असं आमचं ठाम मत आहे. चूक आणि लबाडी यांतला फरक अनेकदा सुनावणीतच कळतो.

प्रश्न : पासपोर्टची दोन पानं भिजून सुटली. एजंट म्हणतो, चिकटवून चालेल.

उत्तर : चालणार नाही. पानांवर अनुक्रम छापलेला असतो आणि पासपोर्ट क्रमांक बारीक छिद्रांनी आरपार टोचलेला असतो. हललेलं पान लगेच दिसतं. जुने शिक्के लपवल्याचा संशय आला, तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ खाली २ वर्षांपर्यंत कैदेचं प्रकरण होऊ शकतं. सुटलेली पानं तशीच पाकिटात ठेवा, खराब पासपोर्ट म्हणून पुन्हा जारी करण्याचा अर्ज भरा आणि मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात पानं कशी भिजली ते खरं सांगा.