ऑस्ट्रेलियात आदिवासींची स्थिती सुधारण्यात सरकारने किती प्रगती केली, हे मोजतात कसं? त्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. तिथलं सांख्यिकी खातं आणि प्रॉडक्टिव्हिटी कमिशन ही सरकारची स्वतंत्र सल्लागार संस्था, दोन्ही आपलं काम चोख करतात. माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही विचारलंय सरकारच्या प्रगतीबद्दल आणि हे आकडे बहुतांशी मोजतात आदिवासींना. मी मेलबर्नमध्ये आरोग्याच्या आकडेवारीचं काम करतो. जुलैअखेर कमिशनचा नवा अहवाल आला की वाचायला घेतो आणि दर वेळी याच जागी अडकतो.

आधी पार्श्वभूमी. आदिवासींसाठीचे सामाजिक न्याय आयुक्त टॉम काल्मा यांनी २००५च्या अहवालात मागणी केली, की आरोग्य आणि आयुर्मानातली तफावत २५ वर्षांत मिटवा. फेब्रुवारी २००८मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी आईवडिलांपासून हिरावून नेलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली आणि त्याच वर्षी केंद्र व राज्यांनी मिळून सहा लक्ष्यं ठरवली. आयुर्मान, बालमृत्यू, बालवाडी, वाचन-गणित, बारावी, रोजगार. शाळेतली हजेरी पुढे २०१४मध्ये जोडली गेली. ‘क्लोजिंग द गॅप’ म्हणतात ते हेच. २०२०पर्यंत सातांपैकी दोनच लक्ष्यं, बालवाडी आणि बारावीची, मार्गावर होती, म्हणजे ठरल्या मुदतीत गाठली जातील अशी. मग जुलै २०२०मध्ये नवा करार झाला. या वेळी आदिवासींनी स्वतः चालवलेल्या संस्थांची आघाडी, ‘कोलिशन ऑफ पीक्स’, सरकारांच्या बरोबरीने सही करणारी होती आणि तिच्या प्रमुख होत्या पॅट टर्नर. आता लक्ष्यं १९ आहेत. २०२५च्या अहवालानुसार त्यातली चार मार्गावर आहेत आणि चार बाबतींत परिस्थिती उलट बिघडते आहे: प्रौढांचा तुरुंगवास, घरापासून दूर ठेवलेली मुलं, आत्महत्या आणि लहान मुलांचा विकास.

आता आयुर्मानाचा आकडा घ्या, कारण सगळ्यात जास्त तोच सांगितला जातो. माफीच्या भाषणात रड यांनी १७ वर्षांच्या तफावतीचा उल्लेख केला होता. पुढच्याच वर्षी सांख्यिकी खात्याने जाहीर केलं, की तफावत पुरुषांत ११.५ आणि स्त्रियांत ९.७ वर्षं आहे. एका वर्षात कुणी सहा वर्षं जास्त जगायला लागलं नव्हतं, मोजण्याची पद्धत बदलली होती. मृत्यूच्या नोंदीत माणूस आदिवासी असल्याचं अनेकदा लिहिलंच जात नाही. ती उणीव भरून काढायला पूर्वी ढोबळ अंदाज करत, नव्या पद्धतीत मृत्यूच्या नोंदी जनगणनेतल्या माणसांशी जुळवून पाहिल्या. नवी पद्धत नक्कीच चांगली आहे. पण जुना १७ आणि आजचा आकडा शेजारी ठेवून ‘दरी निम्म्यावर आली’ असं कुणी लिहिलं, तर ते चूक आहे. एकाच पद्धतीने पाहिलं तर २०१५-१७मध्ये तफावत पुरुषांत ८.६ आणि स्त्रियांत ७.८ वर्षं होती, २०२०-२२मध्ये ती ८.८ आणि ८.१ झाली.

आणि ही झाली देशाची सरासरी. दुर्गम भागातल्या आदिवासींचं आयुर्मान मोठ्या शहरांतल्या आदिवासींपेक्षाही सुमारे पाच वर्षांनी कमी आहे. सिडनीच्या उपनगरातलं कुटुंब आणि वाळवंटाच्या काठावरची वस्ती एकाच आकड्यात बसवली की वस्तीवरचं दुखणं दिसेनासं होतं.

तफावत मोजण्यात आणखी एक गोम आहे. २००८ ते २०१८ या काळात आदिवासी मुलांचा मृत्युदर सुमारे ७ टक्क्यांनी घटला. तरी तफावत कमी झाली नाही, कारण बाकीच्या मुलांचा मृत्युदर त्याहून वेगाने घटला. मग याला यश म्हणायचं की अपयश? माझ्या मते दोन्ही आकडे सांगायला हवेत. एकटी तफावत सांगितली तर जी मुलं वाचली त्यांच्यामागचे दवाखाने आणि परिचारिका पुसल्या जातात. एकटी घट सांगितली तर बाकी देश किती पुढे गेला ते झाकलं जातं.

मोजायचं कुणाला, हेसुद्धा स्थिर नाही. २०१६च्या जनगणनेत साडेसहा लाख लोकांनी आपण आदिवासी किंवा टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे असल्याचं नोंदवलं, २०२१मध्ये सुमारे ८ लाख १३ हजारांनी. एवढी वाढ जन्मांमुळे होत नाही. पूर्वी जे नोंदवत नव्हते तेही आता नोंदवू लागले, आणि त्याचा मला आनंद आहे. लपवावी लागणारी ओळख उघडपणे सांगता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण नव्याने नोंदवणारे बरेचसे शहरांत राहणारे असतील, तर रोजगाराची टक्केवारी कुणालाही नवी नोकरी न मिळता वाढू शकते. शिवाय गणनेतून सुटलेले धरले तर खरी संख्या ९ लाख ८४ हजारांच्या घरात जाते. म्हणजे दर सहा माणसांमागे एक जण मोजणीबाहेर.

आता ‘मार्गावर’ असलेल्या लक्ष्यांकडे बघा. बालवाडीच्या प्रवेशाचं लक्ष्य ९५ टक्क्यांचं, त्याची गाडी बरी चालली आहे. पण शाळेच्या पहिल्या वर्षी शिक्षक मुलांची जी पाहणी करतात, तिच्यात सर्व बाजूंनी विकास व्यवस्थित झालेल्या आदिवासी मुलांचं प्रमाण २०१८मध्ये ३५.२ टक्के होतं, २०२१मध्ये ३४.३ आणि २०२४मध्ये ३३.९. लक्ष्य ५५ टक्क्यांचं आहे. नाव पटावर चढलं, पण मूल रोज बालवाडीत गेलं का, तिथे त्याच्या भाषेत बोलणारं कुणी होतं का, घरात गर्दी किती, कानाच्या संसर्गावर वेळेत उपचार झाले का, हे पटावर दिसत नाही. पट सरकारच्या हातात असतो, म्हणून तो भरायला सोपा.

जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या हक्कांची लक्ष्यंही मार्गावर आहेत. त्यामागे जमिनीवरचा आदिवासींचा पारंपरिक हक्क मान्य करणारा १९९२चा माबो निकाल, तो हक्क कायद्यात आणणारा १९९३चा कायदा आणि अनेक समाजांनी वर्षानुवर्षं लढवलेले दावे आहेत. या दाव्यांत सरकारं बहुधा समोरच्या बाजूला उभी असतात. तेव्हा तिथला ‘मार्गावर’ हा शेरा सरकारच्या खात्यात जमा करायला माझं मन धजत नाही.

याउलट तुरुंग घ्या. तिथे सगळं सरकारच्याच हातात: कायदा, पोलीस, जामीन. कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९९१मध्ये ३३९ शिफारशी केल्या. तेव्हा कैद्यांमध्ये आदिवासी सुमारे १४ टक्के होते, आज एक तृतीयांशाहून जास्त आहेत, आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा चार टक्क्यांच्याही आत. तरी २००८च्या लक्ष्यांत तुरुंगाचा उल्लेखच नव्हता, तो २०२०मध्ये आला. मुलांची कोठडी ३० टक्क्यांनी कमी करण्याच्या करारावर नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताची सही आहे. २०२३मध्ये तिथे गुन्हेगारी जबाबदारीचं वय, म्हणजे ज्या वयापासून मुलावर गुन्ह्याचा खटला चालू शकतो ते, १०वरून १२ केलं होतं. सरकार बदललं आणि २०२४मध्ये ते परत १० केलं. दहा वर्षांचं पोर! हा बदल मोजायला कुठलीही पाहणी लागत नाही, राजपत्र वाचलं तरी पुरे. सरकारची प्रगती म्हणजे मी हे समजतो.

२०२०च्या करारात नेमकी याचीच सोय आहे, म्हणून तो मला मोलाचा वाटतो. १९ लक्ष्यांच्या आधी त्यात चार सुधारणा आहेत: निर्णयात आदिवासींचा वाटा, त्यांच्या स्वतःच्या संस्थांना बळ, सरकारी खात्यांनी स्वतः बदलणं आणि स्थानिक पातळीवरची माहिती त्या त्या समाजाच्या हाती देणं. चारही गोष्टी सरकारने करायच्या आहेत. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशनचा पहिला आढावा आला तेव्हा दिसलं, की सरकारांनी आपला शब्द बहुतांशी पाळलेला नाही, आणि या चार सुधारणा मोजण्याजोगी माहितीसुद्धा धड गोळा झालेली नाही. आदिवासी बाळाचं जन्मवजन ग्रॅममध्ये उपलब्ध आहे. खात्याने किती निधी आदिवासी संस्थांकडे वळवला याचा हिशेब मात्र सापडत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे नेमकी उलटी अडचण होती. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८मध्ये आदिवासी आरोग्यावरचा देशपातळीवरचा अहवाल दिला, तेव्हा आदिवासींची वेगळी आकडेवारी नसणं हाच तिच्यापुढचा मोठा अडथळा होता. ऑस्ट्रेलियाकडे ती आहे, तरी तेवढ्याने काम भागलेलं नाही.

तुम्हाला हा विषय पुढे अभ्यासायचा असेल तर देशाची एकत्रित बेरीज सोडा आणि राज्यवार तक्ते उघडा. प्रत्येक लक्ष्यापुढे तीन गोष्टी लिहून काढा: आधारवर्ष कुठलं, मधे मोजण्याची पद्धत बदलली का, आणि हा आकडा हलवण्याचा अधिकार कुणाकडे आहे. स्त्रिया आणि मुलांवरच्या हिंसाचाराचं लक्ष्य पाहिलंत तर पहिल्याच प्रश्नाशी थांबाल. आधार २०१८-१९च्या पाहणीचा आहे आणि पुढची तुलना करायला आकडाच नाही. कमिशनच्या २०२४च्या आढाव्यासोबत आदिवासींच्या नेतृत्वाखाली झालेला स्वतंत्र आढावाही वाचा, तो सिडनीच्या जंबुन्ना संस्थेने केला आहे. माझ्या मते दोन्हींपैकी आधी तो वाचावा.