सोमवारचा फोन आणि पत्तीविना चहा: मिशनवर गेलेल्या मुलांबद्दल तुमचे प्रश्न

परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांची तयारी हा या सदराचा नेहमीचा विषय. या खेपेला सोलापुरातून आलेली काही पत्रं मात्र वेगळ्या प्रवासाची आहेत. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्या ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’च्या मिशनबद्दल, म्हणजे तरुण सभासद धर्मप्रसारासाठी घर सोडून जातात त्याबद्दल, ती विचारतात. यात नवल काही नाही. या चर्चचा भारतातला पहिला ‘स्टेक’, म्हणजे अनेक मंडळ्या मिळून झालेला विभाग, 2012 मध्ये हैदराबादला झाला, आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडचीच.

प्रश्न: हैदराबादच्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांसाठी इंग्लंडला मिशनवर निघालाय. सोलापुरातून त्याला काय द्यावं? बहीण म्हणते, काही नको. (एक मावशी, अशोक चौक)

बहीण बरीचशी बरोबर आहे. मिशनमध्ये साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. प्रत्येक वेळी बदली होईलच असं नाही, पण झाली की सगळं सामान स्वतः ओढत आगगाडीने नाहीतर बसने दुसऱ्या गावी न्यायचं. म्हणून सोलापुरी चादर देऊ नका. जड असते, आणि राहायची खोली बहुधा सामानासकट मिळते. त्यापेक्षा आपले टॉवेल द्या, दोन पुरे.

खाण्याचं म्हणाल तर पेढे, खवा, तूप यांतलं काहीही बॅगेत घालू नका. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेता येते. चटणी मात्र पक्की बंद करून, पाव किलोच्या पुड्यांत द्या आणि पुडीवर ‘शेंगदाणे’ असं ठळक इंग्रजीत लिहा. हे सांगायला कारण आहे. एका खोलीत दोघं मिशनरी नेमून दिलेल्या जोडीने राहतात, आणि तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं भेटतात. तशा मुलाच्या जिवावर बेतू शकतं. जोडीदाराला आधी विचारायचं, मगच पुडी फोडायची, हे भाच्याला बजावून सांगा.

कपड्यांत खरा प्रश्न येतो तो पांढऱ्या शर्टांचा. सहा ते आठ लागतात, कारण कपडे आठवड्यातून एकदाच धुतले जातात. शुद्ध सुती शर्ट दिसायला छान, पण इस्त्रीवाचून अंगात घालवत नाही. सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचे घ्या. थंडीत ते हीटरजवळ रात्रीत वाळतात. बूट दोन जोड, रबरी तळाचे, आड-आड दिवशी घालायचे. पावसात भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा पायात गेला की आतून वाळतच नाही. वास मारतो, मग शिवणीपाशी उलतो. दिवसभर चालणाऱ्या मुलाचा पहिला खर्च बुटावरच होतो. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. कंपनीचं नाव तिकडच्या दुकानदाराला कळणार नाही.

प्रश्न: मुलगा मिशनवर गेल्यापासून फक्त सोमवारी बोलतो. बाकी दिवस फोन लागत नाही. त्याला घरच्यांशी बोलू देत नाहीत का? (एक वडील, जुळे सोलापूर)

बोलू देतात, आणि पूर्वीपेक्षा खूपच जास्त. फेब्रुवारी 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच व्हायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा बोलता येतं, व्हिडिओ कॉलही चालतो. हा कॉल ‘पी-डे’ला, म्हणजे तयारीच्या दिवशी करायचा. बहुतेक मिशनमध्ये तो सोमवारी असतो. पण हा दिवस म्हणजे सुट्टी नव्हे. कपडे धुणं, आठवड्याचा बाजार, केस कापणं, खोली झाडणं, मिशनच्या अध्यक्षांना साप्ताहिक पत्र लिहिणं आणि घरच्यांशी बोलणं, सगळं त्यातच उरकायचं. संध्याकाळी सहाला पी-डे संपतो आणि काम पुन्हा सुरू होतं.

मुलगा इंग्लंडात असेल तर वेळेचा हिशोब असा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेचार तास पुढे, बाकीच्या महिन्यांत साडेपाच. त्याचे सकाळचे अकरा म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. घड्याळ बदलतं त्या आठवड्यात हमखास चुकामूक होते. त्याच्याकडे गोंधळ नसतो, आपणच जुन्या वेळेला फोन धरून बसतो.

इतर दिवशी तो का सापडत नाही हे दिनक्रम पाहिला की कळेल. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ-नाश्ता. त्यानंतर एकट्याने शास्त्राचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास, आणि देशाची भाषा नवी असेल तर तिचाही. दहाच्या सुमारास बाहेर पडायचं, रात्री नऊच्या आसपास परतायचं, दुसऱ्या दिवसाचं नियोजन करून साडेदहाला दिवा बंद. 2017 पासून या वेळांत थोडी मोकळीक आली आहे आणि देशाप्रमाणे अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो. चौकट मात्र तीच.

यात सगळ्यांत जड जातं ते काय, असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर ‘दारोदार फिरणं’ हे नाही. दार ठोठावणं आता पूर्वीइतकं राहिलेलंही नाही, बऱ्याच ओळखी चर्चच्या सभासदांकडून किंवा समाजमाध्यमांवरून होतात. जड जातं ते एकटं न राहणं. ‘कंपॅनियन’, म्हणजे नेमून दिलेला जोडीदार, चोवीस तास नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असतो. तो आपण निवडलेला नसतो. एक घोरतो, दुसरा भांडी सिंकमध्ये तशीच टाकतो, तिसरा वाटेत प्रत्येकाशी गप्पा मारत बसतो. यावर उपाय नियमातच आहे. दोघांनी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून काय बरं चाललंय आणि काय खटकतंय ते बोलायचं. ही बैठक टाळणाऱ्या जोड्यांची कुरबूर मग अध्यक्षांपर्यंत जाते. सोमवारी मुलगा जोडीदाराबद्दल कुरकुरला तर ऐकून घ्या, पण ‘बदली मागून घे’ असा सल्ला देऊ नका. बदली अध्यक्ष ठरवतात, आणि नवा जोडीदार सोपा निघेल याचीही हमी नाही.

प्रश्न: थोरल्या मुलाकडे ब्रॅडफर्डला राहून आलो. पांढऱ्या शर्टातले दोन तरुण दारात आले. बायको चहा टाकायला निघाली तर नको म्हणाले, कॉफीलाही नको. दुसऱ्यांदा आले तेव्हा सून एकटीच घरात होती, तर उंबरठ्याच्या आत आले नाहीत. आमचं काही चुकलं का? (निवृत्त शिक्षक, होटगी रोड)

काही चुकलं नाही. दोन्ही त्यांचे नियम. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य आहेत. या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या 1833 सालच्या उपदेशातून हा नियम आला. वर्ज्य आहे ती चहाची पत्ती. गवती चहा आणि आलं पत्ती न घालता उकळून दिलं तर आनंदाने पितात. ताक, कोकम सरबत, गरम दूध काहीही चालतं. पाहुणा चहाला नाही म्हणाला की आपल्याकडे मनाला लागतं, त्यांनाही ते ठाऊक असतं. म्हणून मुरलेली मुलं नुसतं ‘नको’ म्हणत नाहीत, ‘पाणी चालेल का’ म्हणून स्वतःच मागतात.

दुसरं असं की घरात एकटी बाई असेल तर तरुण मिशनरी आत येत नाहीत. घरात आणखी एखादा मोठा पुरुष हवा. मुली मिशनरींना हाच नियम उलट्या बाजूने लागू. तुमच्या सुनेला त्यांच्याशी बोलायचं असेल तर मुलगा घरी असतानाची वेळ द्यावी किंवा मुली मिशनरींना पाठवायला सांगावं. बोलायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगून टाकावं. भिडेखातर ‘पुन्हा या’ म्हटलं की ते वहीत टिपतात आणि खरंच पुन्हा येतात.

जाता जाता: तुम्ही राहिलात त्या उत्तर इंग्लंडशी या चर्चचं नातं जुनं आहे. अमेरिकेतून त्यांचे मिशनरी 1837 मध्ये प्रेस्टनला पोहोचले आणि त्याच वर्षी 30 जुलैला रिबल नदीत पहिल्या नऊ जणांना बाप्तिस्मा दिला. मिशनरींचं एक प्रशिक्षण केंद्र आजही प्रेस्टनजवळ चोर्ली इथे आहे. इंग्रजी येणाऱ्यांना अशा केंद्रात दोनेक आठवडे पुरतात, नवी भाषा शिकायची असेल तर सहा किंवा जास्त.

प्रश्न: मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. ही मुलं ‘मला साक्ष मिळाली’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय? आणि मिशनवर श्रद्धा वाढते की घासली जाते? (दमाणी नगर)

त्यांच्या समजुतीचा पाया असा. 1820 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वनराईत जोसेफ स्मिथ यांनी प्रार्थना केली आणि त्यांना देवाचं दर्शन झालं. पुढे सोन्याच्या पत्र्यांवरून त्यांनी भाषांतर केलेला ग्रंथ, ‘बुक ऑफ मॉर्मन’, 1830 मध्ये छापला गेला आणि त्याच वर्षी 6 एप्रिलला चर्चची स्थापना झाली. त्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात वाचकाला एक आवाहन आहे: वाचा, मनापासून देवाला विचारा, उत्तर मिळेल. मिशनरी हेच करायला सांगतात. उत्तर म्हणजे आवाज नव्हे. मनाला येणारी शांतता, छातीतली ऊब, एखादी गोष्ट एकदम स्पष्ट होणं, अशा शब्दांत ते सांगतात, आणि यालाच ‘साक्ष’ म्हणतात. हा तर्काचा पुरावा नव्हे आणि तसा दावा करू नये, असं आमचं मत. चांगला मिशनरी तो करतही नाही, ‘तुम्ही स्वतः विचारून पाहा’ एवढंच म्हणतो.

घासली जाते का? जाते, आणि बहुतेकदा आकड्यांमुळे. किती जणांशी बोललो, किती धडे झाले, कितींचा बाप्तिस्मा झाला, याची नोंद ठेवावी लागते. उत्तर युरोपात महिनोन्‌महिने बाप्तिस्म्याचा रकाना रिकामा राहू शकतो. मुलगा स्वतःची तुलना दुसऱ्या देशातल्या मित्राशी करू लागला की ‘माझ्याच श्रद्धेत खोट असेल’ हा विचार शिरतो. हे टाळायला रोजनिशीचा उपयोग होतो, कारण तिच्यात आकडे नसतात, माणसं असतात.

विधींतला नेमकेपणाही पाहण्यासारखा आहे. बाप्तिस्मा पूर्ण बुडवूनच. पाण्याबाहेर केस, पायाचं बोट किंवा कपड्याचं टोक राहिलं तर पुन्हा बुडवतात, आणि ते पाहायला दोन साक्षीदार उभे असतात. पांढरा झगा हवेने फुगून वर येतो, दुसऱ्यांदा बुडवायची वेळ येते ती बरेचदा त्यामुळे. रविवारच्या प्रभुभोजनात पाव आणि पाणी असतं, द्राक्षारस नाही. त्या वेळची प्रार्थना शब्द न् शब्द तीच हवी, एखादा शब्द चुकला तर पुन्हा म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सलग दोन जेवणांचा उपास, तोही बिनपाण्याचा. साबुदाण्याची सोय नाही! वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. आजारी माणसाला उपासाची सक्ती नाही.

प्रश्न: मिशनरींना पगार किती? आणि 17 वर्षांची मुलगी परस्पर बाप्तिस्मा घेऊ शकते का?

पगार नसतो. खर्च कुटुंबाचा. अमेरिकेसारख्या देशांतल्या मिशनरीचं घर जुलै 2020 पासून महिन्याला ठरावीक 500 डॉलर भरतं, मग मुलगा स्वस्त देशात असो की महाग. भारतासारख्या देशांतली घरं ऐपतीप्रमाणे देतात, उरलेलं चर्चचा मिशन निधी भरतो. दुसऱ्याचं उत्तर: नाही. अल्पवयीन असेल तर आईवडिलांची परवानगी लागते. शिवाय शिकवणारे मिशनरी स्वतः बाप्तिस्म्यासाठी मुलाखत घेत नाहीत, ती दुसरा मिशनरी घेतो. आणि नव्या सभासदाला मिशनवर जायचं असेल तर बाप्तिस्म्यानंतर किमान एक वर्ष थांबावं लागतं.

प्रश्न: पुतण्या दोन वर्षं पुरी करून हैदराबादला उतरतोय. आम्ही सोलापूरहून गाडी करून जाणार. विमानतळावरून थेट सिनेमा आणि बिर्याणी असा बेत आहे. (एक काका, विजापूर रोड)

बिर्याणी ठेवा, सिनेमा एक दिवस पुढे ढकला. विमान उतरलं म्हणून मिशन संपत नाही. स्टेकचे अध्यक्ष भेटून त्याला औपचारिकपणे मोकळं करतात, तोवर छातीवरची काळी नावपट्टी आणि सगळे नियम कायम. ही भेट बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होते. वेळ भाऊ-वहिनीला आधीच विचारून ठेवा.

पहिले काही आठवडे तो साडेसहाला उठेल, खोलीत एकटा बसला की अस्वस्थ होईल, मोबाईलवर काय बघावं हे त्याला सुचणार नाही. त्यावर हसू नका, आणि लगेच लग्नाचा विषयही काढू नका. कॉलेजचा प्रवेश किंवा नोकरीचा अर्ज यांच्या तारखा काढून ठेवल्यात तर ते जास्त कामाचं. आणि कुणाचा मुलगा प्रकृतीमुळे मुदतीआधी परतला असेल, तर ‘किती महिने राहिलास’ हा प्रश्न पाहुण्यांना विचारू देऊ नका. आजारपणाने परतलेल्यांना बरं झाल्यावर पुन्हा जाता येतं किंवा घरी राहून सेवेचं मिशन करता येतं. त्याचं बोलणं आपल्या गावच्या चर्चच्या मंडळीच्या प्रमुखांशी करायचं.