पहिलं निवासी शिबिर आणि रोज रात्रीचा फोन

तुमचा लेक नऊ वर्षांचा, पहिल्यांदाच पाच रात्री घराबाहेर, कर्जतजवळचं मे महिन्यातलं शिबिर, आजी म्हणतायत एवढ्यात नको, आणि तुम्ही विचारताय की रोज रात्री फोनवर बोलू देत नसतील तर पाठवावं का. मी गेली १४ वर्षं मुलांच्या शिबिरांत ताई म्हणून, म्हणजे मुलांना सांभाळायला, जातेय, माझी दोन्ही मुलंही असल्या शिबिरांतूनच मोठी झाली, त्यामुळे सरळ सांगते, पाठवा, आणि फोनचा आग्रह सोडा.

दिवसभर मूल रडत नाही हो, त्याला वेळच नसतो. अवघड असतं ते रात्री जेवणं झाल्यावर. अंधार पडतो, घरी आता आई ओटा आवरत असेल, बाबा आले असतील हे सगळं आठवायला लागतं, आणि नेमका तेव्हाच फोन हातात दिला की तोपर्यंत मजेत असलेलं पोर आईचं नुसतं 'जेवलास का' ऐकून हमसून हमसून रडतं, आणि त्याचं बघून शेजारच्या तिघांचा बांध फुटतो. एका वर्षी पालकांच्या आग्रहाखातर आम्ही रोज फोन दिला होता, दुसऱ्या रात्री आम्ही सगळे ताई-दादा बारा वाजेपर्यंत मुलांना थोपटत बसलो होतो. दुसरी रात्रच सगळ्यात जड जाते, पहिल्या रात्री नवलाई असते आणि प्रवासाने दमलेली असतात. आता आम्ही पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो टाकतो आणि मुलांना पोस्टकार्ड लिहायला देतो. तुमच्या शिबिरात देत नसतील तर पत्ता घातलेलं एक कार्ड बॅगेत टाका.

आणि निघताना 'नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन' हे चुकूनसुद्धा बोलू नका. तुम्ही धीर द्यायला बोलता पण त्याला कळतं एवढंच की आईलाच खात्री नाही. मुलुंडच्या एका मुलाला बाबांनी असा शब्द दिला होता, तो तीन दिवस गेटकडे तोंड करून बसला, खेळायला आलाच नाही, मला अजून त्याचं वाईट वाटतं. त्यापेक्षा आत्तापासून एखाद्या शनिवार-रविवारी त्याला आत्याकडे किंवा मावशीकडे तुमच्याशिवाय झोपायला पाठवा.

दिवस कसा जातो म्हणाल तर सहाला उठवतात, सूर्यनमस्कार, पोहे, आणि सातपासून साडेदहापर्यंत काय ते क्लाइंबिंग, रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), बर्मा ब्रिज (दोरांचा पूल), कारण मे महिन्यात कर्जतला पारा सहज ४० च्या आसपास जातो, दुपारी उन्हात मुलांना हुंदडू देणारं शिबिर असेल तर मी पाठवणार नाही. दुपारी आत बसून दोरीच्या गाठी, कागदकाम, चित्रं. १५-१६ मेला शिबिर असेल तर मात्र दुपारी १२.३५ च्या सुमाराला बाहेर न्यायला सांगा, त्या वेळी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावलीच गायब होते, मुलं वेडी होतात बघून. संध्याकाळी लगोरी, विषामृत, करवंदं तोडायला जाणं.

रात्री आम्ही मुलांना सतरंजीवर आडवं करून आकाश दाखवतो. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवायच्या, उत्तरेला तेवढ्या उंचीवर ध्रुव सापडतो, वर सप्तर्षी, आणि दहाच्या सुमाराला आग्नेयेकडे वृश्चिक राशीतली तांबूस ज्येष्ठा ही चांदणी. घाटकोपरच्या एका मुलीने मला विचारलं होतं, 'ताई, हे रोज असतात?'

आता तुम्ही न विचारलेलं पण महत्त्वाचं. रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपतं, एखादा मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत एकटा असतो का, नदीवर नेणार असतील तर पाण्याजवळ कोण उभं राहतं, सर्पदंशावरचं औषध असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे फोन करून स्पष्ट विचारा. टाळाटाळ केली तर पैसे भरू नका. साहसी उपक्रमांसाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, तीही केलीय का विचारा. मुलं जमिनीवर झोपणार असतील तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली हवी, मण्यार हा विषारी साप रात्रीच फिरतो आणि झोपेत चावलेलं कधीकधी कळतही नाही. बूट झटकूनच घालायचे, आपल्या कोकणपट्टीत लाल विंचू असतात, हे घरीच चार वेळा करून घ्या म्हणजे सवय होईल. अंथरूण ओलं करायची सवय असेल तर लाजू नका, ताईच्या कानावर घाला, आम्ही अशा मुलांना अकरा वाजता हळूच उठवून नेतो, कुणाला कळत नाही.

बॅग त्यालाच भरू द्या, नाहीतर तिथे त्याला टॉवेल कुठे ठेवलाय तेच माहीत नसतं. सगळ्या कपड्यांवर मार्करने नाव, टॉर्च, टोपी, जुने बूट. महागडं काही नको.

परतल्यावर दादरला घ्यायला जाल तेव्हा तो आधी मित्रांच्या गळ्यात पडेल आणि मग तुमच्याकडे येईल, मनाला लावून घेऊ नका. बॅग बाल्कनीत उघडा, आत ओला टॉवेल आणि करवंदांचे डाग असणारच. पोस्टकार्ड बहुतेक तो घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी पोचेल, आजींना वाचून दाखवायला त्यालाच सांगा.